हाताचे शिक्षण आणि जन्माचा धंदा

दिवाळीची सुट्टी लागली, की कोल्हापूरच्या पेठापेठांतून एक दृश्य हटकून दृष्टीस पडते. घरापुढील अंगणात, वाड्याच्या चौकात, नाही तर रस्त्याच्या कडेला मुले दगडमाती जमवून किल्ला रचीत असतात. कोणी पोत्यावर चिखल लिंपतो, कोणी बुरुजाला आकार देतो, कोणी तळ्यातले पाणी जिरून जाऊ नये म्हणून मातीखाली जुना डबा पुरतो. आधी पेरून ठेवलेले अळीव उगवून आले, म्हणजे डोंगराला हिरवळ चढते, आणि मग शिवाजी महाराजांची मातीची मूर्ती सिंहासनावर विराजमान होते. या उद्योगात वकिलाचा मुलगा आणि सुताराचा मुलगा असा भेद उरत नाही. किंबहुना सुताराच्या मुलाचा शब्द तेथे थोडा वरचढच ठरतो, कारण तट ढासळू नये म्हणून आधार कोठे द्यावा, हे त्याने घरी पाहिलेले असते.

सुट्टी संपते आणि शाळा उघडते. हीच मुले हातपाय स्वच्छ धुऊन वर्गात येऊन बसतात, आणि पहिली आज्ञा त्यांच्या कानी पडते : ‘हाताची घडी, तोंडावर बोट!’ आपणांपैकी बहुतेकांनी ही आज्ञा लहानपणी पाळलेली आहे. तोंडावर बोट कशासाठी, हे समजू शकते; परंतु हातांनी असा कोणता अपराध केला, की शाळेत पाऊल टाकताच त्यांना बंदिस्त करावे? प्राथमिक शाळेतील हस्तव्यवसायाचे महत्त्व हा आजच्या भाषणाचा विषय. या विषयाचा इतिहास पाहू लागले असता असे आढळते, की या प्रश्नाचे उत्तर शिक्षणशास्त्रापेक्षा आपल्या समाजरचनेत अधिक दडलेले आहे. आणि ते उलगडून दाखविण्यास कोल्हापूरसारखे दुसरे गाव क्वचितच सापडेल.

कोल्हापूर हा हातांचा मुलूख आहे. हुपरीची चांदी, कापशीच्या चपला, इचलकरंजीचे माग, शहरातील कुंभारांच्या गल्ल्यांतून आकाराला येणारे गणपती, सोनारांनी घडविलेला साज आणि हंगामात गुऱ्हाळघरांवर कढणारा गूळ, या सर्वांतून पिढ्यान्‌पिढ्यांचे ज्ञान साठलेले आहे. चामडे किती दिवस भिजवावे, माती किती मळावी, रस कोणत्या क्षणी उतरवावा, हे सर्व ज्ञानच होय. परंतु हे ज्ञान ज्यांच्या हाती होते, त्यांना शाळेचा उंबरठा शतकानुशतके पारखा होता. आणि शाळेत जे बसत, त्यांना हे ज्ञान हलके वाटे. बलुतेदारीच्या व्यवस्थेत सुताराच्या मुलाने वाकस धरावी, कुंभाराच्या मुलाने चाक फिरवावे आणि चांभाराच्या मुलाने आरी-रापी उचलावी, हे त्याच्या जन्माबरोबरच ठरून गेलेले असे. तेथे आवडनिवड नव्हती, आणि सुटकाही नव्हती. साहजिकच अशा घरातील बापाने मुलाला शाळेत घातले, तर ते कशासाठी? त्याच्या हातातील हत्यार सुटावे आणि लेखणी यावी, यासाठीच. उलटपक्षी पांढरपेशा घरातील बापाला वाटे, की आपल्या मुलाचा हात मातीने भरला तर त्याच्या शिक्षणाची ती अवनतीच झाली. एकाला हस्तव्यवसाय ही जुनी बेडी वाटे, दुसऱ्याला तो नवा कलंक वाटे. दोघांचे एकाच गोष्टीवर एकमत झाले, आणि ती गोष्ट म्हणजे शाळेत हात नको.

ही कोंडी ज्यांनी प्रथम ओळखली, त्यांत महात्मा जोतीराव फुले यांचे नाव घेतले पाहिजे. १८८२ साली हंटर शिक्षण आयोगापुढे त्यांनी जे निवेदन सादर केले, त्यात प्राथमिक शिक्षण बाराव्या वर्षापर्यंत सक्तीचे करावे, ही मागणी होती, हे सर्वश्रुत आहे. परंतु त्याच निवेदनात शिक्षक कसा असावा, याविषयी त्यांनी जी अपेक्षा व्यक्त केली, तिच्याकडे फारसे लक्ष गेलेले नाही. प्रसंगी नांगराचे रुमणे किंवा सुताराची वाकस हाती धरण्याची ज्याला लाज वाटणार नाही, आणि खालच्या मानलेल्या वर्गांत जो सहज मिसळेल, असा शिक्षक त्यांना हवा होता. जोतीरावांनी हत्यार दिले ते मुलाच्या हाती नव्हे, प्रथम शिक्षकाच्या हाती दिले. गुरुजींनी वाकस धरली, म्हणजे ती वाकस सुताराच्या जातीची राहत नाही, ती विद्येची होते, हे त्या मागणीतील मर्म होय.

जोतीरावांच्या विचाराचा वारसा कोल्हापुरात राजर्षी शाहू छत्रपतींनी चालविला. त्यांच्या कारकीर्दीतील तीन निर्णय आपण स्वतंत्रपणे वाचतो; ते एकापाशी एक ठेवून पाहिले म्हणजे त्यांचा खरा अर्थ ध्यानात येतो. १९१७ साली त्यांनी संस्थानात प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचे करण्याचा हुकूम काढला. मुलाला शाळेत न पाठविणाऱ्या पालकास दरमहा एक रुपया दंड ठेवला. १९१८ साली त्यांनी बलुतेदारीची पद्धत बंद केली, आणि वाटेल त्याने वाटेल तो धंदा करण्याचा मार्ग मोकळा झाला. १९१९ साली स्पृश्य आणि अस्पृश्य मुलांच्या निरनिराळ्या शाळा भरविण्याची चाल त्यांनी मोडून काढली. पहिल्या हुकुमाने मूल शाळेत आले, दुसऱ्याने धंदा जन्मापासून सुटला, आणि तिसऱ्याने सर्व मुले एका छपराखाली बसली.

या तीन हुकुमांत हस्तव्यवसायाचा शब्दही नाही. तथापि प्राथमिक शाळेत हस्तव्यवसाय आणावयाचा असेल, तर जी भूमी आधी तयार असावी लागते, ती याच हुकुमांनी तयार केली, असे माझे मत आहे. ज्या गावात कुंभाराच्या मुलाला कुंभारच व्हावे लागते, त्या गावच्या शाळेत माती आणणे म्हणजे त्या मुलाला पुन्हा चाकाशी बांधणे होय. परंतु ज्या गावात तो वाटेल ते होऊ शकतो, तेथे तीच माती त्याला आणि त्याच्या शेजारी बसलेल्या कारकुनाच्या मुलाला सारखेच शिकवू शकते. धंदा जन्मापासून सुटला, तरच तो शिक्षण होऊ शकतो. या एका वाक्यात मला जे सांगावयाचे आहे ते बहुतेक येऊन जाते.

हाताला बुद्धी असते की नाही, अशी शंका ज्यांना येत असेल, त्यांनी याच नगरीतील बाबुराव पेंटरांकडे पाहावे. १८९० साली जन्मलेले बाबुराव कृष्णराव मेस्त्री हे कारागिराच्या घरातले. शाळेचे शिक्षण त्यांना थोडेच लाभले. परंतु वडिलांच्या हाताखाली लाकूड, धातू आणि रंग यांच्याशी त्यांचा बालपणापासून सहवास घडला. बंधू आनंदरावांसमवेत त्यांनी नाटकांचे पडदे रंगविले, चलच्चित्रांचे वेड घेतले, आणि १९१६ साली आनंदराव निवर्तल्यावर दामल्यांच्या साहाय्याने चित्रपटाचा कॅमेरा स्वतः घडवून सिद्ध केला. त्या कॅमेऱ्याने कोल्हापुरास चित्रपटसृष्टी दिली. १९२० साली ‘सैरंध्री’ पडद्यावर आला. दुसऱ्याचे यंत्र उघडून पाहणे, त्याचा न्याय समजून घेणे आणि आपल्या हातांनी दुसरे उभे करणे, हा विचारच होय. फक्त तो वहीवर मांडलेला नव्हता, पितळेत आणि लाकडात मांडलेला होता. असे पुरुष अपवादात्मक असतात, हे मान्य आहे. हस्तव्यवसायाने प्रत्येक मूल बाबुराव पेंटर होईल, असा दावा कोणी करू नये. परंतु त्यांना जे घरी मिळाले ते ज्यांच्या घरी मिळण्याजोगे नाही, त्या मुलांना ते शाळेखेरीज कोण देणार, हा प्रश्न उरतोच.

हा प्रश्न केवळ आपल्यालाच पडला होता असे नाही. जर्मनीत फ्रोबेलने १८३७ साली लहान मुलांसाठी जी संस्था काढली, तीत लाकडी ठोकळे, विणकाम, कागदाच्या घड्या आणि माती यांना पाठांइतकेच स्थान होते. आपल्याकडील बालवाड्यांत आजही दिसणारे ठोकळे हे त्याचेच वंशज. पुढे फिनलंडमध्ये ऊनो सिग्नेउस याच्या प्रयत्नाने १८६६ च्या शाळाविषयक कायद्यात हस्तव्यवसाय हा लोकशाळांचा विषय ठरला. या मंडळींचा कटाक्ष एका गोष्टीवर होता : मुलाला सुतार करणे हा हेतू नसून, सुतारकामाने मूल घडविणे हा हेतू आहे.

आपल्या देशात या विचाराला सर्वांत मोठी चालना मिळाली ती वर्ध्यास. १९३७ च्या ऑक्टोबरात गांधीजींच्या अध्यक्षतेखाली तेथे शिक्षण परिषद भरली, आणि डॉ. झाकिर हुसेन यांच्या समितीने मूलोद्योग शिक्षणाची योजना आखली. साडेपाच तासांच्या शाळेत तीन तास वीस मिनिटे मूलोद्योगाला दिलेली होती. हा आकडा आज ऐकला, की दचकल्यासारखे होते. परंतु त्यामागील कल्पना अशी, की गणित, भूगोल, विज्ञान हे विषय उद्योगातूनच उलगडावेत. टकळीचेच उदाहरण घ्या. चार फुटांची एक तार, १६० तारांची एक लटी, चार लट्यांची एक गुंडी. आपण काढलेल्या सुताची लांबी किती फूट झाली, हे मूल मोजू लागले, की गुणाकार त्याला पाठ करावा लागत नाही, तो त्याला हवा असतो. ६४० तारांची गुंडी म्हणजे २५६० फूट, हे उत्तर त्याच्या दृष्टीने पुस्तकातील नसून स्वतःच्या घामाचे असते. पेळूचा कापूस कोठून आला, हे विचारता विचारता काळी जमीन आणि पाऊसकाळ येतो, आणि कापसाच्या मागोमाग मँचेस्टर व परदेशी राज्याचा इतिहासही वर्गात येऊन बसतो.

योजना उदात्त होती; मग ती मावळली का? मुलांनी केलेल्या वस्तू विकून शाळेचा खर्च भागावा, ही अपेक्षा तिच्याशी प्रारंभापासून जडलेली होती. उत्पन्नाकडे लक्ष वेधल्याने शिक्षणाचा हेतू मागे पडण्याचा धोका आहे, अशी सूचना स्वतः झाकिर हुसेन समितीनेच देऊन ठेविली होती. सुताची गुंडी हा मुलाच्या आकलनाचा पुरावा न राहता हिशेबाच्या वहीतील नग झाला, की शाळेचा कारखाना होतो, आणि तोही फार वाईट कारखाना होतो. शिवाय नांगराचे रुमणे धरण्यास न लाजणारे जे शिक्षक जोतीरावांनी मागितले होते, ते पुरेशा संख्येने तयार झालेच नाहीत. ‘जीवन शिक्षण मंदिर’ हे त्या काळातील नाव महाराष्ट्रातील कित्येक शाळांच्या फलकांवर आजही वाचावयास मिळते. आतील टकळ्या मात्र कधीच्या नाहीशा झाल्या.

येथे आपल्याच भागातील आणखी एका प्रयोगाचा उल्लेख करणे अवश्य आहे. कुंभोज येथे १८८७ साली जन्मलेल्या आणि कोल्हापुरात शिकलेल्या कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली रयत शिक्षण संस्था स्थापिली, आणि वसतिगृहातील मुलांना श्रम करून शिकण्याचा मार्ग दाखविला. हजारो दरिद्री घरांतील मुले त्या मार्गाने वर आली. परंतु श्रम करून शिकणे हे एक, आणि श्रमातून शिकणे हे दुसरे. पहिल्यात श्रम हे शिक्षणाचे मोल आहे. दुसऱ्यात श्रम हाच पाठ आहे. सात वर्षांच्या मुलापाशी शाळेने मोल मागू नये. पाठ मात्र त्याला अवश्य द्यावा.

आणि या मार्गावर पाऊल घसरले म्हणजे काय होते, याचे उदाहरण दक्षिणेत घडले. मद्रास राज्यात १९५३ साली राजगोपालाचारी यांच्या मंत्रिमंडळाने प्राथमिक शाळेचे तास कमी करून, उरलेल्या वेळात मुलांनी घरी बापाचा धंदा शिकावा, अशी योजना अमलात आणली. शाळा थोड्या, मुले पुष्कळ. तेव्हा योजनेमागे काटकसरीचे कारण होते, हे खरे. परंतु ‘बापाचा धंदा’ हे शब्द उच्चारताच लोकांना जे ऐकू आले, ते ‘बापाची जात’ असे होते. कुलपरंपरेचे शिक्षण म्हणून तिच्याविरुद्ध वादळ उठले, आणि १९५४ साली कामराज यांच्या अमदानीत ती रद्द झाली. शाहू महाराजांनी ३५ वर्षांपूर्वी जी गाठ सोडविली होती, तीच त्या योजनेने पुन्हा मारली. विरोध करणारे हस्तव्यवसायाचे शत्रू नव्हते. कोणाच्या मुलाच्या हाती कोणते हत्यार द्यावयाचे हे ठरविणारा कोण, एवढेच ते विचारीत होते.

कोल्हापूरकडे पुन्हा वळू. आजरा तालुक्यातील बहिरेवाडीचे सुपुत्र डॉ. जे. पी. नाईक यांनी गारगोटीच्या मौनी विद्यापीठाच्या रूपाने ग्रामीण शिक्षणाचे एक केंद्र उभे करण्यास हातभार लावला. १९६४ ते १९६६ या काळात काम केलेल्या कोठारी शिक्षण आयोगाचे सदस्य-सचिव तेच होते. या आयोगाने ‘कार्यानुभव’ हा सर्व शिक्षणाचा अविभाज्य भाग असावा, असे सुचविले. यातील ‘सर्व’ हा शब्द महत्त्वाचा : एका वर्गाचे नव्हे, सर्वांचे. दुर्दैवाने शाळांच्या वेळापत्रकात कार्यानुभव आला तो आठवड्यातील एखाद्या तासाच्या रूपाने. आणि परीक्षा जवळ आली, की गणिताच्या शिक्षकांना उसना दिला जाणारा तास तोच असतो, हे आपण सारे जाणतो.

ही उणीव जाणून प्रत्यक्ष वर्गात काही करून दाखविणाऱ्या व्यक्तीही याच नगरीने दिल्या. लीलाताई पाटील यांनी १९८५ साली कोल्हापुरात ‘सृजन आनंद विद्यालय’ सुरू केले. शिक्षकांना शिकविण्यात आयुष्य वेचल्यावर त्या पहिलीच्या मुलांकडे वळल्या, यातच त्यांची दृष्टी दिसते. मातृभाषा, अनुभव आणि कृती यांवर उभ्या असलेल्या त्या लहानशा शाळेने महाराष्ट्रातील अनेक शिक्षकांना विचार करावयास लाविले. २०२० साली त्या निवर्तल्या. त्याच वर्षी जाहीर झालेल्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीच्या मुलांनी दहा दिवस दप्तराविना सुतार, माळी, कुंभार, कलावंत अशांच्या सहवासात काढावेत, असे सांगितलेले आहे. सूचना स्वागतार्ह आहे. परंतु सहावीपर्यंत ज्याच्या हातांची घडी घातलेली होती, त्याला दहा दिवसांत ती कितीशी सोडता येईल?

म्हणून आरंभ पहिलीपासून व्हावा. त्यासाठी यंत्रशाळा नको आणि मोठा खर्चही नको. पंचगंगेकाठची माती, जुनी वर्तमानपत्रे, सुतळी, चिंध्या, बांबूच्या कामट्या, एक मोजपट्टी आणि एक कात्री एवढे पुरे. मुलाला कागदाची पेटी करावयास सांगा. बाजू सारख्या नसतील तर झाकण बसत नाही. येथे गुरुजींनी चूक दाखवावी लागत नाही. पेटीच ती दाखविते, आणि तीत अपमान नसतो. घडी उलगडावी, पुन्हा मापावे, पुन्हा घालावी. चूक ही लपविण्याची वस्तू नसून दुरुस्त करण्याची वस्तू आहे, हा धडा कोणत्याही नीतिपाठाच्या पुस्तकापेक्षा ती पेटी अधिक चांगला देते. आणि ज्या मुलाला ग्रंथांतील भाषा घरी ऐकावयास मिळत नाही, म्हणून जे वर्गात मागे मागे राहते, त्याचा हात जेव्हा सर्वांत आधी पेटी पुरी करितो, तेव्हा शेजारचा मुलगा त्याच्याकडे पाहून विचारतो, ‘तू हे कसे केलेस?’ त्या एका प्रश्नाने वर्गातील उच्चनीचता जेवढी हलते, तेवढी समतेवरील निबंधाने हलत नाही.

या कामी आपणा सुशिक्षित कुटुंबांचे एक कर्तव्य आहे, आणि ते थोडे कटू असले तरी बोललेच पाहिजे. शाळेने हस्तकलेची वस्तू करून आणावयास सांगितली, की रात्री अकरा वाजता ती कोण करीत बसते? मूल निजलेले असते. आई थर्मोकोल कापीत असते आणि वडील डिंक लावीत असतात. काही ठिकाणी तर ती वस्तू दुकानातून तयारच विकत येते. दुसऱ्या दिवशी प्रदर्शनात सर्वांत सुबक वस्तूला बक्षीस मिळते, आणि ज्याने खरोखर स्वतःच्या हातांनी वेडेवाकडे घर उभे केलेले असते, ते मूल आपले घर पाठीमागे लपविते. आपण त्याच्याकडून काय हिरावून घेतले, याची कल्पना आपणांस नसते. वेडेवाकडे घर हे सहा वर्षांच्या हाताचे खरे अक्षर आहे. ते अक्षर वळण घेईल. परंतु आपण त्याच्याऐवजी लिहू लागलो, तर कधीच घेणार नाही.

शाळेतील माती सर्व मुलांच्या हाती द्यावी, एकट्या कुंभाराच्या मुलाच्या नव्हे. तीतून विक्रीचा माल निघावा अशी अपेक्षा धरू नये. आणि गुरुजींनीही बाह्या सरसावून मुलांबरोबर बसावे. या अटी नव्या नाहीत. जोतीरावांनी, शाहू छत्रपतींनी आणि वर्ध्याच्या प्रयोगातील यशापयशाने त्या आपणांस घालून दिलेल्या आहेत. पुढील दिवाळीत आपल्या दारात मुले किल्ला रचू लागली, म्हणजे अंगण घाण झाले म्हणून रागावण्यापूर्वी क्षणभर उभे राहून त्यांचे हात पाहावेत, आणि सुट्टी संपल्यावर त्या हातांचे शाळेत काय होते, याची एकदा जाऊन चौकशी करावी, इतकेच नम्रपणे सुचवून मी आपली रजा घेतो.